फ्रीक-सी: सिलिकेट खनिजांच्या विदारणाचा हिशेब मांडणारी संगणकप्रणाली

दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपणाऱ्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांना अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेची 'फ्रीक-सी' (PHREEQC) ही पाणी आणि खनिजे यांच्यातील रासायनिक क्रियांचा हिशेब करणारी प्रणाली परिचित असेल. डेव्हिड पार्कहर्स्ट आणि टोनी ॲपेलो यांनी ती विकसित केली, तिसऱ्या आवृत्तीचे मार्गदर्शक 2013 मध्ये आले, आणि ती विनामूल्य मिळते. येथे तिची पारख एकाच निकषावर केली आहे: पाण्यात आधीच विरघळलेले आयन सिलिकेट खनिजांच्या विदारणाचा (म्हणजे पाण्यात हळूहळू झिजून विरघळण्याचा) वेग बदलतात, तो बदल ही प्रणाली कितपत टिपते?

तिची सर्वांत मोलाची बाजू म्हणजे वेगाची सूत्रे उघडी आहेत. डेटाबेसच्या फाइलमध्ये पोटॅशियम फेल्डस्पारचे सूत्र वाचले, तर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या सक्रियतेची (म्हणजे क्रियेत प्रत्यक्ष परिणामकारक ठरणाऱ्या प्रमाणाची) बेरीज एका ओळीत आणि ॲल्युमिनियमची सक्रियता पुढच्या ओळीत दिसते, आणि दोन्ही वाढल्या की वेग घटतो. यामागे भक्कम कारण आहे: खनिजाच्या पृष्ठभागावरील ज्या जागांवर हायड्रोजन आयन हल्ला चढवतो, त्याच जागांसाठी हे धनायन (धनभारित आयन) त्याच्याशी स्पर्धा करतात. 2004 मधील पालांद्री आणि खराका यांच्या विदारण-वेगांच्या बहुप्रचलित संकलनात आम्ल, उदासीन आणि अल्कली असे विदारणाचे तीन मार्ग आहेत, पण सोडियम किंवा ॲल्युमिनियमच्या या अडथळ्याला तेथे जागा नाही. त्या तुलनेत फ्रीक-सी निश्चितच पुढे आहे. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचा साका होऊ दिला की पाण्यातील ॲल्युमिनियम कमी होते आणि फेल्डस्पार पुन्हा वेगाने विरघळू लागते. ही साखळी तिच्यात आपोआप उभी राहते, आणि विद्यार्थ्यांना ती दाखवताना मला आजही समाधान वाटते.

मात्र बेसाल्टच्या प्रदेशात नेमकी येथेच अडचण येते. आपल्याकडील विहिरींचे पाणी सहसा किंचित अल्कधर्मी असते, त्यामुळे मुक्त ॲल्युमिनियम आयन नगण्य उरतो आणि बहुतेक ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड संयुगाच्या रूपात राहते. सूत्र केवळ मुक्त आयन मोजत असल्याने ॲल्युमिनियमचा अडथळा तेथे जवळपास नाहीसा होतो. परंतु ओल्कर्स, शॉट आणि देव्हिदाल यांनी 1994 मध्ये दाखवले की अल्कधर्मी द्रावणातही विरघळलेले ॲल्युमिनियम अल्बाइटच्या (सोडियमयुक्त फेल्डस्पारच्या) विदारणाचा वेग घटवते. हा दोष मला गंभीर वाटतो, कारण त्यामुळे विदारणाचा अंदाज जास्त येऊ शकतो.

क्वार्ट्झची कथा उलट आहे. त्याच्या बाबतीत सोडियमसारखे धनायन वेग वाढवतात. तयार सूत्रात त्यासाठी क्षाराचा गुणक आहे: एक अधिक दीडपट सोडियम, मिलिमोलमध्ये, 35 च्या मर्यादेपर्यंत. लिटरमध्ये 46 मिलिग्रॅम सोडियम असलेल्या पाण्यासाठी, म्हणजे 2 मिलिमोलसाठी, तो 4 येतो. पण हा आकडा वापरणाऱ्याने स्वतः भरायचा असतो, आणि प्रवाहात पुढे सोडियम वाढले तरी तो जागचा हलत नाही. सूत्रात एकूण सोडियम वाचणारी एक ओळ घालून हे सुधारता येते. ही सोय मूळ फाइलमध्येच हवी होती. शिवाय बेरियमचा क्वार्ट्झवरील परिणाम सोडियमपेक्षा तीव्र असतो, हा भेद या गुणकात नाही.

मूळ तयार सूत्रांच्या यादीत पोटॅशियम फेल्डस्पार, अल्बाइट आणि क्वार्ट्झ आहेत, लॅब्राडोराइट आणि ऑजाइट नाहीत. म्हणजे मूळ फाइल वापरली, तर दख्खनच्या खडकातील या मुख्य खनिजांची सूत्रे आपल्यालाच लिहावी लागतात. बेसिकसारख्या साध्या संगणकभाषेमुळे ते जमते. ऑक्झलेटसारखी सेंद्रिय आम्ले ॲल्युमिनियमला बांधून विदारण वाढवतात, पण मूळ डेटाबेसमध्ये ऑक्झलेट नसल्याने मुळांच्या जवळच्या मातीसाठी त्याची संयुगेही स्वतःच जोडावी लागतात. हे कष्ट घेण्याची तयारी असलेल्या संशोधकाला मी ही प्रणाली निःसंकोच सुचवेन. जशीच्या तशी चालवून बेसाल्टवरील पाण्याच्या निष्कर्षांपर्यंत पोहोचणाऱ्याला सुचवणार नाही.