नवं नाणं कुणाच्या यंत्रांच्या भरवशावर?

नवं प्रूफ ऑफ वर्क नाणं, म्हणजे संगणकांच्या आकडेमोडीच्या शर्यतीने (मायनिंगने) व्यवहार पक्के होणारं क्रिप्टो नाणं, काढायचं ठरलं की पहिला वाद या आकडेमोडीच्या पद्धतीवरून, म्हणजे अल्गोरिदमवरून होतो. एसिक चालू द्यायचे की नाही? एसिक म्हणजे एकाच प्रकारचा हॅश, म्हणजे त्या आकडेमोडीचं उत्तर, काढण्यासाठी घडवलेली चिप. दुसरं कुठलंच काम तिला जमत नाही. 'घरबसल्या कुणालाही मायनिंग करता यावं' इथेच हा वाद बहुतेक वेळा अडकतो. ती इच्छा चांगलीच आहे. पण सुरक्षेसाठी मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हल्ला उरकल्यावर हल्लेखोराच्या यंत्रांची किंमत किती उरते? सगळे पर्याय मी याच प्रश्नावर तपासतो.

आधी हल्ला जवळून पाहू. बिटकॉइन गोल्ड हे नाणं ऑक्टोबर २०१७ मध्ये बिटकॉइनपासून वेगळं झालं ते एसिक नको म्हणूनच. त्याचं मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर चालायचं. मे २०१८ मध्ये कुणीतरी एक्स्चेंजवर (नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) नाणी भरली, ठरलेली कन्फर्मेशन, म्हणजे त्या व्यवहारावर नोंदींचे पुढचे गठ्ठे (ब्लॉक), मिळेपर्यंत थांबला, नाणी विकली आणि आलेले पैसे काढून घेतले. तेवढ्या वेळात तो बाजूला गुपचूप ब्लॉकची स्वतःची वेगळी साखळी वाढवत होता. तिच्यात तीच नाणी त्याने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवलेली होती. या साखळीत जास्त काम जमल्यावर त्याने ती जाहीर केली आणि सगळ्या नोड्सनी (नेटवर्कमधल्या नोंदी तपासणाऱ्या संगणकांनी) नियमाप्रमाणे तीच खरी मानली. एक्स्चेंजकडे भरलेली नाणी जणू कधी आलीच नव्हती. ३,८८,०००हून जास्त नाणी अशी फिरवली गेली, तेव्हाच्या भावाने सुमारे १.८ कोटी डॉलरची. एकाही नोडने नियम मोडला नव्हता, हे मला त्यातलं सर्वांत अस्वस्थ करणारं वाटतं.

ग्राफिक्स कार्ड की सीपीयू?

ग्राफिक्स कार्ड आज या नाण्यावर, उद्या त्या नाण्यावर. हॅशरेट, म्हणजे सेकंदाला किती हॅश काढता येतात ती ताकद, तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. म्हणजे हल्ल्याचा खर्च फक्त भाड्याएवढा. नाणं कोसळलं तरी कार्डाची किंमत जागच्या जागी. इथेरियम क्लासिकने हे जानेवारी २०१९ मध्ये भोगलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये तर एकाच महिन्यात तीनदा. त्याच अल्गोरिदमवर तेव्हा कितीतरी पट मोठं इथेरियम चालत होतं. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच सोडलं आणि ती सगळी कार्डं मोकळी झाली.

सीपीयूचा, म्हणजे साध्या संगणकातल्या प्रोसेसरवर मायनिंग चालवण्याचा, सर्वांत गंभीर प्रयत्न मोनेरो या नाण्याचा. मार्च २०१८ मध्ये त्याच्या अल्गोरिदमसाठी एसिक जाहीर झाले आणि एप्रिलमध्ये मोनेरोने अल्गोरिदम बदलला. त्यासरशी हॅशरेट निम्म्याहून खाली आला. म्हणजे एसिक आधीपासून गुपचूप चालूच होते! नोव्हेंबर २०१९ पासून मोनेरो रँडमएक्स या सीपीयूसाठी घडवलेल्या अल्गोरिदमवर आहे आणि एसिक दूर ठेवण्यात तो बऱ्याच अंशी यशस्वी झाला. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये एका बाहेरच्या प्रकल्पाने स्वतःच्या टोकनचं आमिष दाखवून सीपीयू आपल्याकडे वळवले आणि १८ ब्लॉक मागे फिरले. जे यंत्र कुणाकडेही असतं, ते कुणाच्याही बाजूने उभं राहू शकतं.

म्हणजे एसिक बरे?

कोणते, त्यावर अवलंबून. बिटकॉइनचाच शा-२५६ अल्गोरिदम उचलून नवं नाणं स्वतंत्रपणे चालवायचं हा माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय आहे. एसिकची ताकद पाठीशी आहे असं वाटतं, पण ते एसिक बिटकॉइनचे आहेत. एखादा मोठा मायनर त्यातले थोडेसे तासाभरासाठी इकडे वळवेल, साखळी उलटवेल आणि परत जाईल. त्याचं काहीच बुडत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये बिटकॉइन एसव्हीवर हल्ला झाला तो याच अल्गोरिदमवर.

तोच अल्गोरिदम घेऊन मर्ज्ड मायनिंग केलं तर चित्र पालटतं. मोठ्या नाण्यासाठी केलेलं कामच लहान नाण्यालाही लागू होतं, मायनरला वेगळी वीज जाळावी लागत नाही. डोजकॉइनचा हॅशरेट २०१४ मध्ये घसरत चालला होता. त्या सप्टेंबरपासून तो लाइटकॉइनसोबत माइन होऊ लागला आणि सावरला. पण दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी प्यायचं तर ओंजळ भरलेली हवी. जानेवारी २०१२ मध्ये कॉइल्डकॉइन हे नवजात नाणं एका पूल-चालकाने (पूल म्हणजे एकत्र मायनिंग करणाऱ्यांचा गट) आपल्या पूलच्या हॅशरेटवर असंच संपवलं, कारण इतर पूल सोबत आलेच नव्हते.

राहिला स्वतःचा वेगळा अल्गोरिदम. त्याचे एसिक फक्त तुमच्याच नाण्यासाठी बनतात; नाणं मेलं की ते भंगार. हल्लेखोराला स्वतःच्याच गुंतवणुकीवर कुऱ्हाड चालवावी लागते, म्हणून माझ्या प्रश्नाला सर्वांत चांगलं उत्तर हेच. अडचण सुरुवातीच्या काळाची आहे. पहिली चिप बनवणाऱ्याकडे काही महिने जवळजवळ सगळा हॅशरेट असू शकतो. सियाकॉइनने २०१८ मध्ये अशा पेचात फोर्क करून, म्हणजे नाण्याचे नियमच बदलून, आपल्याशी जोडलेली कंपनी सोडून इतर कंपन्यांचे एसिक बाद केले. हल्ला टळेल, पण यंत्रं बाद करण्याची सत्ता काही मोजक्या लोकांच्या हातात आहे हेही उघड होतं.

तुमच्या जागी मी असतो, तर आधी मोठ्या पूलांशी बोललो असतो. त्यातले निम्म्याहून जास्त मर्ज्ड मायनिंगला तयार असतील, तर तोच रस्ता. नसतील आणि नाणं दीर्घकाळ चालवायचं असेल, तर स्वतःचा, पण मुद्दाम साधा अल्गोरिदम घेतला असता. चिप बनवायला सोपी असेल तर दुसरा आणि तिसरा उत्पादक लवकर येतो. किचकट अल्गोरिदमचा फायदा पहिल्यालाच होतो. ग्राफिक्स कार्ड किंवा सीपीयू निवडलंत, तर एक्स्चेंजवर जाण्याआधी एक हिशेब करा: तुमच्या अल्गोरिदमचा किती हॅशरेट आज भाड्याने मिळतो आणि तुमच्या नेटवर्कचा किती आहे. पहिला आकडा मोठा निघाला, तर एक्स्चेंजला सहा कन्फर्मेशन नव्हे, शेकडो मागायला सांगा.