धावताना अंगात काय: सुती टी-शर्ट की पॉलिएस्टरचा?

सुती कापड मऊ असतं, रोजच्या सवयीचं असतं, म्हणून पहिला हात त्याच्याकडेच जातो. पण कापसाचा धागा पाणी आत शोषून घेतो. साधारण दमट हवेत तो वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. त्यामुळे घामाने भिजलेला सुती टी-शर्ट जड होतो, अंगाला चिकटतो आणि काखेत, छातीवर घासून कातडी सोलवटते. लांब पल्ल्याला हा त्रास फार होतो. पॉलिएस्टरमध्ये घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि लवकर उडतो. थंडीत तर सुती नकोच. थांबल्यावर ओलं कापड अंगातली ऊब झपाट्याने खेचून घेतं.

पॉलिएस्टरचा दोष म्हणजे वास. ते शरीरातलं तेल धरून ठेवतं, म्हणून धावून आल्यावर लगेच धुवावं, आणि फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा. त्याच्या थराने घाम शोषून पसरवण्याची क्षमता घटते.

वीस मिनिटांच्या हलक्या धावण्याला सुतीही चालेल. मोजे मात्र सुती अजिबात नकोत, ओल्या मोज्यांत फोड हमखास येतात.