टिळकवाडीतल्या मुलांच्या सायकॉलॉजिस्ट मॅडम, आमचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

आमचा धाकटा 7 वर्षांचा, घरात नुसती टकळी चालू, पण खानापुरातली मराठी शाळा सोडवून बेळगावात इंग्लिश मीडियमला घातल्यापासून वर्गात तोंडच उघडंना. सहा महिने झाले तरी एक शब्द नाही! शाळेतनं सांगितलं हट्टी आहे, सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली असंल, मग भावजयनं या मॅडमचं नाव सुचवलं.

आत गेल्या गेल्या मी डॉक्टर डॉक्टर करूलाले तर त्या हसून म्हणाल्या, अहो मी औषधं देत नाही, ते सायकिअॅट्रिस्टचं काम, मी सायकॉलॉजिस्ट. आणि पहिला अर्धा तास पोराला काहीच विचारलं नाही, दोघं खाली बसून वाळूत ट्रक फिरवत बसलेले, मला वाटलं ह्याचेच का आपण 700 रुपये देऊलालोय!

नंतर बोलता बोलता कळालं, आधी बरीच वर्षं बालगृहातल्या मुलांचं समुपदेशन केलंय. हरवलेलं, टाकलेलं, पळून आलेलं पोर सापडलं की 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यायला लागतं, तशी पोरं दिवसदिवस गप्प असायची म्हणे. मग युएन व्हॉलंटियर म्हणून केनियात, काकुमाच्या निर्वासित छावणीत (पगार नसतो हां, राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो). तिथं साऊथ सुदान, सोमालियाची पोरं, ह्यांना त्यांची भाषा येईना त्यांना ह्यांची, मग खेळूनच ओळख करायची. वाळू तिथनंच आली काय की!

दुसऱ्या वेळी विचारलं, खेळताना हा एकटाच कुठल्या भाषेत बडबडतो? हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं आम्ही. त्यांनी सांगितलं की इंग्लिश-कन्नड येत नाही म्हणून गप्प असणं वेगळं आणि बोलायची भीती बसणं वेगळं, नवीन शाळेतला पहिला महिना तर धरायचाच नाही. आमच्या पोराचं दुसरं निघालं, सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात त्याला. बोल बोल म्हणून मागं लागायचं नाही, चॉकलेटची लाच तर अजिबात नाही. शाळेची परवानगी काढून मी रिकाम्या वर्गात त्याच्याशी मराठीतच पत्ते खेळायचे, मिसनी आधी दारात थांबायचं, मग रोज थोडं थोडं जवळ यायचं. तीन आठवडे हेच. परवा मिसला हळूच म्हणाला, "नीरु". कन्नडमध्ये पाणी मागितलं बघा, घरात मराठी, शाळा इंग्लिश आणि पहिला शब्द कन्नड!

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी. 11 ची वेळ, नंबर लागला पावणेएकला, बसायला चारच खुर्च्या, आणि ऑनलाइन पेमेंट घेत नाहीत. बाहेरगावचे असाल तर शनिवारी जाऊ नका, रेल्वेचं गेट पडलं की गाडी तिथंच अडकते. पोराचा डबा मात्र घेऊन जावा.