समुपदेशन केंद्राचा अभिप्राय: पावतीवर ‘व्यक्तिमत्त्व विकास’, आत मात्र ‘उपचार’

पुण्यातील एका खासगी समुपदेशन केंद्राविषयीचा हा अभिप्राय आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण तक्रार एका पाटीपुरती नाही.

माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. घरात हे कळल्यावर एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आई-बाबा त्याला येथे घेऊन आले; सोबत मीही होते. जागा स्वच्छ आहे, दिलेली वेळ पाळली जाते आणि स्वागतकक्षातील मुलगी अदबीने बोलते. चांगले म्हणावे असे एवढेच. पॅकेजचे तीस हजार रुपये आगाऊ घेतले जातात. ‘मुलगा सहा महिन्यांत लग्नाला उभा राहील,’ असे समुपदेशकांनी बाबांना तोंडी सांगितले, लेखी मात्र काहीच दिले नाही. मनगटात रबरबँड घालायचा, ‘तसा’ विचार मनात आला की तो ताणून सोडायचा आणि वहीत नोंद करायची, असा भावाला गृहपाठ होता; ती वही बाबांसमोर मोठ्याने वाचली जाई. त्याच्या मनगटावर वळ उठले, झोप उडाली, अन्न जाईना. विचारले तर ‘बरे होताना असे होतेच,’ हे उत्तर ठरलेले.

भिंतीवर संमोहनाची प्रमाणपत्रे आहेत, नोंदणी क्रमांक एकावरही नाही. पैसे परत मागितले तेव्हा पावती पुढे सरकवण्यात आली. तिच्यावर ‘व्यक्तिमत्त्व विकास सत्रे’ असे छापले होते, म्हणजे उपचार झालेच नव्हते!

खरी मेख इथेच आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे 2018 मध्ये स्पष्ट केले. असे ‘बरे करण्याचे’ प्रयत्न मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी 7 जून 2021 च्या आदेशाने निषिद्ध ठरवले, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्यांना व्यावसायिक गैरवर्तन म्हटले. परंतु जो मुळात डॉक्टरच नाही, त्याचा परवाना वैद्यकीय परिषद कोठून रद्द करणार? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या प्रकारासाठी स्वतंत्र गुन्हा नाही. दुखापत आणि फसवणूक यांची कलमे आहेत, पण रबरबँड भावाने स्वतःच्या हाताने ओढला होता आणि बाबांनी पैसे राजीखुशीने मोजले होते.

कॅनडाने ही पळवाट बुजवली आहे. तेथील फौजदारी संहितेत 7 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या तरतुदी सेवेच्या नावाकडे पाहत नाहीत, तिचा हेतू पाहतात. व्यक्तीचा लैंगिक कल किंवा लिंगओळख बदलण्यासाठी किंवा दडपण्यासाठी केलेली कोणतीही सेवा त्या व्याख्येत येते. एखाद्याला ती घ्यायला लावल्यास 5 वर्षांपर्यंत, तर तिची जाहिरात केल्यास किंवा तिच्यातून कमाई केल्यास 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. स्वतःची ओळख समजून घेण्यास मदत करणारे प्रामाणिक समुपदेशन मात्र त्यातून वगळले आहे. आधीच्या विधेयकात संमती देणाऱ्या सज्ञानांसाठी सवलत होती. 2021 च्या डिसेंबरात संमत झालेल्या कायद्यात ती उरली नाही, आणि हे मला विशेष योग्य वाटते. माझा भाऊ सज्ञान आहे आणि केंद्राच्या फॉर्मवर त्याची सहीही आहे, पण त्या सहीमागे घराचा किती रेटा होता हे मी पाहिले आहे. आई-बाबांना तुरुंगात पाहण्याची माझी अर्थातच इच्छा नाही. आपल्याकडे असा कायदा करताना पहिला घाव जाहिरात आणि कमाई यांवर पडावा, असे मला वाटते.

शून्य तारे देण्याची सोय नसल्यामुळे एक तारा देत आहे. भाऊ आता झोपेच्या तक्रारीसाठी एका नोंदणीकृत मनोविकारतज्ज्ञांकडे जातो. केंद्राने एक रुपयाही परत केलेला नाही. त्यांच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरील निरोप जपून ठेवले असून, जिल्हा ग्राहक आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा बाबाच लिहीत आहेत.