परतलेल्या भाजीसाठी काय घ्यावे: लाल भोपळा, दोडका, दुधी की झुकिनी?

मोहरी, हिंग, हळद आणि हिरवी मिरची एवढ्याच फोडणीवर भोपळ्याच्या कुळातील एखादी भाजी परतायची असेल, तर पुण्या-मुंबईच्या मंडईत उभ्या असलेल्या माणसापुढे आज साधारण चार पर्याय असतात: लाल भोपळा, दोडका, दुधी आणि अलीकडे सहज मिळू लागलेली झुकिनी. फोडणी चौघांनाही तीच चालते, परंतु झाकण, मीठ आणि आच यांचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असल्यामुळे एका भाजीची सवय दुसरीला लावली की हमखास पाणचटपणा येतो, नाहीतर लगदा होतो. त्यामुळे निवड करताना चवीच्याही आधी त्या फळात पाणी किती आहे आणि ते कढईतून कसे जाणार आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

दुधी, दोडका आणि झुकिनी या तिन्हींच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि लाल भोपळ्यात ते ९२ टक्क्यांच्या आसपास असते. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण उलट बाजूने पाहिल्यास शंभर ग्रॅम दोडक्यात घन भाग पाचच ग्रॅम, तर तेवढ्याच लाल भोपळ्यात आठ ग्रॅम असतो, म्हणजे दीडपटीहून अधिक. याचे कारण कुळात नसून तोडणीच्या वेळेत आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने झुकिनी लाल भोपळ्याला सर्वांत जवळची, दोघांचाही मूळ वंश अमेरिका खंडातला. तरीही झुकिनी कोवळी असतानाच तोडतात आणि लाल भोपळा वेलावर पिकू देतात. पिकताना त्यात साखर आणि पिष्ट साठते, गर घट्ट होतो. त्यामुळे स्वयंपाकघरात झुकिनीचे नाते दोडका-दुधीशी जुळते आणि लाल भोपळा एकटाच दुसऱ्या बाजूला राहतो. विकत घेतानाही हीच विभागणी लक्षात ठेवावी: पहिल्या तिघांच्या सालीत नख सहज रुतले पाहिजे, तर लाल भोपळ्याच्या सालीत ते रुतता कामा नये आणि कापलेल्या फाकेचा गर गर्द केशरी असावा.

ज्याला अशा भाजीचा फारसा सराव नाही, त्याने सुरुवात लाल भोपळ्यापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. चार माणसांसाठी अर्धा किलोची फाक घेऊन बियांचा गाभा काढावा, साल फार जाड नसेल तर ठेवावी, कारण तिच्यामुळे फोडी मोडत नाहीत, आणि साधारण दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. दोन मोठे चमचे तेल तापवून मोहरी तडतडली की पाव चमचा मेथीदाणे, मग हिंग, हळद, कढीपत्ता आणि मिरची घालावी. मेथीदाणे येथे हौसेचे नाहीत. भोपळ्याच्या गोडीला त्यांची किंचित कडवट बाजू लागते, आणि तेच मेथीदाणे दोडक्याच्या फोडणीत घातले तर त्याच्या सौम्य चवीवर कुरघोडी करतात. मात्र ते काळे पडण्याआधी फोडी कढईत गेल्या पाहिजेत. फोडी तेलात दोन-तीन मिनिटे परतून कडा किंचित तांबूस झाल्यावर मीठ आणि लाल तिखट घालावे, वर ताट ठेवून ताटात पाणी ओतावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे वाफ आणावी. या भाजीला भीती एकाच गोष्टीची, ती म्हणजे वारंवार ढवळण्याची. शिजत आलेला भोपळा उलथन्याने चारदा हलवला की भाजीचे भरीत झालेच म्हणून समजावे.

आमसुलाबाबत घरोघरी मतभेद आहेत. पुष्कळ ठिकाणी ते गुळाबरोबर शेवटी घालतात, परंतु आंबटाच्या सान्निध्यात भाजीच्या पेशींच्या भिंती उशिरा मऊ पडतात, त्यामुळे भोपळा फार पिकलेला असेल आणि फोडी मोडण्याची शक्यता वाटत असेल, तर दोन आमसुले वाफ आणण्याआधीच घालणे हिताचे. उलट दुधीत किंवा दोडक्यात आंबट लवकर पडले तर शिजायला विनाकारण वेळ लागतो. गूळ, ओले खोबरे आणि कोथिंबीर मात्र शेवटीच. उपवासाला लाल भोपळा चालणाऱ्या घरांत हीच भाजी तूप-जिरे, मिरची आणि दाण्याच्या कुटावर होते. ही सोय दोडका आणि झुकिनीला सहसा मिळत नाही, हाही निवडीतला एक व्यवहारी मुद्दा आहे. शिवाय भोपळ्याच्या केशरी रंगातील बीटा कॅरोटीन स्निग्ध पदार्थाबरोबर अधिक चांगले शोषले जाते, त्यामुळे येथे तेला-तुपाचा हात फार आखडू नये.

दोडका नेमका उलट स्वभावाचा. त्याला पाणी घालायचे नाही, कारण मीठ पडताच तो स्वतःच पाणी सोडतो आणि त्या पाण्यातच शिजतो. कढईत मोकळे पाणी असेपर्यंत तळाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही, म्हणून दोडका कितीही वेळ ठेवला तरी तोवर परतला जात नाही, केवळ उकडतो. झाकण ठेवून पाच-सहा मिनिटे वाफ आणावी आणि मग झाकण काढून आच वाढवून पाणी आटवावे, हा त्यावरचा उपाय. भिजवलेली मूगडाळ अर्धी वाटी घातली तर ती हेच पाणी शोषून घेते. कोरडी भाजी हवी असल्यास शेवटी भरड दाण्याचे कूट घालावे. मिठाची सवय येथे बदलावी लागते: अर्धा किलो दोडका शिजून जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे कढई भरलेली पाहून अंदाजाने टाकलेले मीठ हमखास जास्त होते. शिरा तासून टाकाव्या लागतात हा वेळेचा तोटा खरा, पण त्या शिरा तीळ, खोबरे आणि मिरचीबरोबर कुरकुरीत परतल्या की पानात डाव्या बाजूची चटणीही तयार होते, म्हणून माझ्या हिशेबात तो वेळ वाया जात नाही.

दुधीबद्दल थोडे परखडपणे लिहावे लागेल. नुसता परतलेला दुधी पथ्याचे जेवण म्हणून उत्तम. परंतु भाकरीबरोबर चवीने खावी अशी ती भाजी नव्हे. त्याला आधार लागतो, आणि भिजवलेली चणाडाळ, गोडा मसाला व गुळाचा खडा हा आधार महाराष्ट्रात पूर्वापार दिला जातो. डाळ दोन-तीन तास भिजवण्याची तयारी नसेल तर त्या दिवशी दुधी घेऊ नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चिरल्यावर दुधीचा लहानसा कच्चा तुकडा चाखून पाहावा आणि तो कडू लागला तर संपूर्ण दुधी टाकून द्यावा. हा कडवटपणा कुकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो, शिजवल्याने ती खात्रीने नाहीशी होत नाहीत, आणि त्यांमुळे तीव्र उलट्या व पोटातील रक्तस्रावापर्यंत त्रास होऊ शकतो. कडू दुधीचा रस पिऊन झालेल्या विषबाधांनंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस पिऊ नये असे बजावले होते. हीच खबरदारी झुकिनी आणि दोडक्यालाही लागू आहे.

झुकिनीचा विचार परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना अधिक करावा लागतो, कारण तेथे दोडका भारतीय दुकानापर्यंत गेल्याशिवाय मिळत नाही आणि झुकिनी मात्र कोणत्याही दुकानात असते. तिला झाकण वर्ज्य. रुंद कढईत, मोठ्या आचेवर, फोडींची गर्दी न करता चार-पाच मिनिटे परतावे आणि मीठ आच बंद करताना घालावे; दोडक्यासारखी वाफ आणली तर तिचा गाळ होतो. साल काढायची नसल्यामुळे वेळ मात्र सर्वांत कमी लागतो. लाल भोपळ्याच्या जागी तेथे बटरनट स्क्वॉश घ्यावा. त्यात पाणी ८६ टक्क्यांच्या आसपासच असल्याने गर अधिक दाट आणि गोड असतो, म्हणून गूळ पूर्णपणे वगळावा, तिखट थोडे वाढवावे आणि वाफ आणताना दोन चमचे पाणी शिंपडावे.

डब्यासाठी निवड करणाऱ्याला लाल भोपळ्याला पर्याय शोधण्याचे कारण नाही, कारण त्याला दुपारपर्यंत पाणी सुटत नाही आणि पोळी भिजत नाही. दाण्याचे कूट घातलेला दोडका त्याखालोखाल चालतो. झुकिनी कढईतून थेट पानात वाढायची भाजी आहे, डब्यात ती टिकत नाही. आठवड्याचा बाजार एकदाच करणाऱ्यांनी झुकिनी आणि दोडका पहिल्या तीन-चार दिवसांत संपवावा, दुधी त्यानंतर करावा, आणि लाल भोपळ्याची फाक बिया व गाभा काढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या शेवटासाठी राखावी. अख्खा, देठासकट भोपळा घेतला तर तो कोरड्या, हवेशीर जागी कित्येक आठवडे राहतो. फक्त तो एकदा कापल्यावर सलग किती दिवस खाल्ला जाईल, याचा अंदाज घरातल्या माणसांना विचारूनच घ्यावा.