मसाई मारातला कॅम्प आणि आमचे ₹9,04,000

रागात लिहितेय, पण आकडे तपासून लिहितेय. ऑगस्ट 2025 मध्ये आम्ही चौघं केनियात मसाई मारा अभयारण्य बघायला गेलो: मी, आमचे हे, नणंद आणि तिचे यजमान. पॅकेज माणशी ₹2,10,000, विमान वेगळं. वर टीसीएस (परदेशी पॅकेजवर टूरवाल्याने सरकारसाठी गोळा करायचा कर) ₹42,000 आणि ईटीएचे, म्हणजे केनियाच्या ऑनलाइन प्रवेशपरवानगीचे, माणशी ₹5,500. एकूण ₹9,04,000. टूरवाल्याचं नाव घालत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. (केनियाचा ईटीए सरकारी संकेतस्थळावर 30 डॉलर भरून आपला आपल्याला काढता येतो. त्यासाठी साडेपाच हजार कुणाला देऊ नका.)

पैसे घेऊन फोन बंद करणारे टूरवाले सगळ्यांना माहीत आहेत. हा तसा नव्हता. नैरोबीच्या विमानतळावर आमच्या नावाची पाटी धरून ड्रायव्हर उभा होता. नारोकमार्गे सेकेनानी गेटजवळच्या कॅम्पवर त्याने नीट आणून सोडलं. तोपर्यंत मला संशय आलाच नव्हता.

कॅम्प छोटासा, झाडीत विखुरलेले मोजके तंबू. आत चांगला पलंग, मागे न्हाणीघर. वेळ सांगितली की बाहेरून वरच्या बादलीत गरम पाणी ओततात. फोटोत दाखवलं होतं अगदी तसं. मॅनेजरबाईंनी रजिस्टर उघडलं. आमची चारही नावं होती आणि त्यांवर आडवी रेघ मारलेली होती. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवून त्यांनी मेल दाखवले. टूरवाल्याने एप्रिलमध्ये तंबू नुसते धरून ठेवायला सांगितले होते. आगाऊ रक्कम भरायची मुदत 5 जून. दोनदा आठवण केली, उत्तर नाही, म्हणून तंबू सोडून दिले. त्यांना आमच्यातला एक शिलिंगही पोचला नव्हता.

नशिबाने कुणाचंतरी रद्द झालं होतं म्हणून दोन तंबू मिळाले. रात्री भाला घेतलेला मसाई राखणदार तंबूपर्यंत सोडायला आला, पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवलेली होती, लांबून तरस ओरडत होतं. ज्यासाठी वर्षभर पैसे साठवले ते सगळं तिथे होतं, आणि मी विजेरीच्या उजेडात कुठल्या कार्डावर किती शिल्लक आहे ते लिहीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर तेच. ‘सगळे प्रवेशशुल्क समाविष्ट’ असं पॅकेजमध्ये ठळक छापलेलं. प्रत्यक्षात काहीच भरलेलं नव्हतं. जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाला दिवसाचे 200 डॉलर पडतात (जानेवारी ते जून 100), आणि ते तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. ड्रायव्हरलाही फक्त नैरोबीहून आणून सोडण्याचे पैसे मिळाले होते. तंबूंचे 3,520 डॉलर, तीन दिवसांच्या प्रवेशाचे 2,400, गाडीचे 800. एकूण 6,720 डॉलर, बँकेचं शुल्क धरून ₹6,02,340. टूरवाल्याचा मेसेज आला, ‘काकू, तिथे भरून टाका, आल्यावर लगेच परत करतो.’ आजतागायत एक रुपया आलेला नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. मे महिन्यात त्याने व्हाउचर पाठवलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, ‘प्रोव्हिजनल, 5 जूनपर्यंत’. मी वाचलं होतं, विचारलंही होतं. त्याचा आवाजी निरोप अजून माझ्याकडे आहे: ‘हाय सीझनला सगळे कॅम्प असंच लिहितात काकू, पैसे पोचले की बदलतं.’ आणि त्याच कागदाच्या तळाशी कॅम्पचा मेल पत्ता छापलेला होता! दोन ओळींचा मेल टाकला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. लोक म्हणतात, बँकेत आयुष्य काढलेल्या बाईला कळू नये? अहो, याच माणसाबरोबर आमच्या ओळखीची दोन कुटुंबं ताडोबाला जाऊन आली होती, सगळं चोख झालं होतं. बिलावर टीसीएस लावलेला होता. कर कापून घेणारा माणूस चोर असेल असं कोण समजेल? परतल्यावर 26एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याचा उतारा, उघडून पाहिलं, तर आमच्या नावावर टीसीएसची नोंदच नाही. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेले ₹42,000 सुद्धा त्याने खिशात घातले. परदेशी सहलीचं पॅकेज घेतलेल्या प्रत्येकाने आपला 26एएस आजच बघा.

पहिले ₹3,04,000 कंपनीच्या खात्यात गेले. उरलेले ₹6,00,000 त्याने ‘कंपनीच्या खात्याची मर्यादा संपली’ म्हणून भावाच्या खात्यात मागवले. कुणी असं मागितलं तर तिथेच थांबा, मग तो कितीही ओळखीचा असो.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘केनियात घडलं, आमची हद्द नाही.’ पैसे तर इथून गेले! आणि हद्द नसली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये आहे. मी छापील कलम समोर ठेवलं तर साहेब म्हणाले, बाई, आम्हाला कायदा शिकवू नका. तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, खातं हॅक झालेलं नाही, परत ठाण्यात जा. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकलात. ज्या बँकेत आमचा पगार जमा व्हायचा तिथे मला खुर्चीसुद्धा दिली नाही. शेवटी ठाण्यातल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, ‘गाडी आली होती ना न्यायला? ईटीए मिळाला ना? मग फसवणूक कसली, हा दिवाणी वाद.’

त्या वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख झालं. गाडी त्यासाठीच पाठवली होती. चौघांच्या ईटीएचा आणि एका फेरीचा खर्च करायचा, मग उरलेल्या सगळ्याला ‘सेवेतली त्रुटी’ म्हणता येतं आणि न्याय संहितेचं फसवणुकीचं 318 कलम लागत नाही. म्हणून जाणाऱ्यांनो, गाडी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. निघण्याआधी कॅम्पकडून तुमच्या नावाची, पूर्ण रक्कम मिळाल्याची पावती मागवा, टूरवाल्याचं व्हाउचर चालणार नाही. ताडोबाच्या परवान्यावर आपली नावं असतात तेव्हाच आपण निघतो ना? केनियातला एजंट असेल तर तो त्यांच्या टूर ऑपरेटर संघटनेच्या, म्हणजे काटोच्या, यादीत आहे का पाहा. आणि पैसे गेल्याचं कळताच, तिथूनच घरच्यांना सांगून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर नोंद करायला लावा. आम्ही परत येईपर्यंत थांबलो आणि तोवर भावाचं खातं रिकामं झालं होतं.

ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क आमच्या रकमेला ₹200 पडलं, वकील नसला तरी चालतं, मुदत दोन वर्षांची. पहिल्या तारखेला तो आलाच नाही.

पण पुढच्या जुलैची त्याची जाहिरात आली आहे, कंपनीचं नाव बदलून, त्याच कॅम्पच्या तंबूंचे फोटो लावून. तुम्ही कुणाकडे असे पैसे भरले असतील तर आज रात्रीच कॅम्पला मेल करा. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असतं, उद्या दुपारपर्यंत उत्तर येईल.