पंच्याहत्तर टक्क्यांच्या आत बसवलेली गाडी

अपघातानंतर गाडी टो होऊन वर्कशॉपला जाते आणि एक-दोन दिवसांत तिथल्या सल्लागाराचा फोन येतो, "सर, काळजी करू नका, गाडी रिपेअर होतेय. टोटल लॉसला जायची गरज नाही." ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. आमची फसवणूक या फोनपासूनच सुरू झाली. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे.

गाडी दादाच्या नावावर, चौथ्या वर्षात पडलेली हॅचबॅक. पुढच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि गाडी त्याच्या मागच्या बाजूखाली घुसली. दादा खांद्याच्या मुक्या मारावर सुटला. गाडीचं बॉनेट दुमडलं, रेडिएटर मागे सरकून इंजिनला टेकला, डावीकडचा एप्रन, म्हणजे चाकाजवळचा आतला पत्रा, आत गेला आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या.

पुढचं सगळं एका आकड्याभोवती फिरतं. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत दुरुस्तीचा आणि गाडी उचलून आणण्याचा एकूण खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी टोटल लॉस धरतात, म्हणजे दुरुस्तीऐवजी ती किंमतच देतात. आयडीव्ही ठरते गाडीच्या यादीतल्या किमतीतून वयाप्रमाणे घसारा वजा करून: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. गाडीची किंमत अशी उतरत जाते, पण एअरबॅग, सेन्सर आणि हेडलाइट आजच्याच भावाने येतात. त्यामुळे तीन वर्षं उलटलेल्या छोट्या गाडीच्या दोन एअरबॅग उघडल्या आणि पुढचा सांगाडा वाकला, तर खर्च ती रेषा सहज ओलांडतो.

आमचं एस्टिमेट आलं आयडीव्हीच्या ७१ टक्क्यांचं. दादाने टोटल लॉसचं विचारलं, तर सल्लागार म्हणाला, "त्यात अर्धेच पैसे हातात येतात सर, आणि फाइल वर्षभर लोंबकळते." पैशांबद्दलची ही थाप पुढे कळली. टोटल लॉसमध्ये आयडीव्हीवर पुन्हा घसारा लावत नाहीत, फक्त पॉलिसीतली ठरलेली वजावट कापतात. उलट झिरो डेप, म्हणजे पार्टवर घसारा न कापणारी जोड, पॉलिसीत नसेल, तर दुरुस्तीच्या क्लेममध्ये प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो. दादाची पॉलिसी साधी होती, म्हणजे खिशाला भुर्दंड दुरुस्तीतच जास्त होता. पण गाडी टोटल लॉस झाली, तर वर्कशॉपला टोइंग आणि पार्किंगपलीकडे फारसं काही सुटत नाही. दुरुस्ती झाली की मजुरीही मिळते आणि पार्टवरचं मार्जिनही. "रिपेअर होतेय" हे कोणाच्या सोयीचं होतं ते यावरून समजावं.

विमा कंपनीच्या वतीने नुकसान तपासणारा सर्व्हेअर बघून गेला, मंजुरी आली, गाडी उघडली. मग सल्लागाराचे एकेक फोन सुरू झाले. स्टिअरिंग रॅक गेलाय, क्रॉस मेंबर वाकलाय, वायरिंग दबलंय. दर वेळी पुढचं वाक्य तेच: "हे जुन्या झिजेत धरतात, क्लेममध्ये बसणार नाही. तुम्ही रोख दिलेत तर कमी करून देतो." वास्तविक गाडी उघडल्यावर अपघाताचं जे आणखी नुकसान दिसतं, ते सर्व्हेअरला कळवून पुरवणी एस्टिमेट द्यायचं असतं. तसं केलं असतं तर बेरीज ७५ टक्क्यांवर गेली असती आणि काम त्यांच्या हातून निसटलं असतं. म्हणून हा सगळा खर्च फाइलबाहेर ठेवून दादाच्या खिशातून काढला. बिल नाही, फक्त वहीच्या कागदावर पेनाने लिहिलेले आकडे.

गाडी मिळाली तेव्हा चकचकीत होती. रंग तर इतका जमून आला होता की शेजाऱ्यांनी नवी घेतली का म्हणून विचारलं.

काही महिन्यांत पुढचा डावा टायर आतल्या कडेने खाल्ला गेला. अलाइनमेंटवाल्याने दोनदा मशीनवर घेऊन हात टेकले, डाव्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, मापात येईना. या प्रकारच्या गाड्यांत कॅम्बरला कंपनीने ॲडजस्टमेंट दिलेलीच नसते. चाक वाकडं बसतंय म्हणजे ज्याला ते जोडलंय तेच जागेवर नाही. आमच्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली आणि खालचा काळा लेप खरवडला. आत चेसिसचा डावा लेग, म्हणजे सांगाड्याचा पुढे जाणारा दांडा, गॅसने तापवून ठोकलेला होता, पत्र्यावर निळसर डाग होते आणि हातोडीचे खड्डे बोटांना लागत होते. हल्लीच्या गाड्यांत तिथे जास्त ताकदीचं पोलाद असतं. ते असं तापवलं की त्याची ताकद जाते, आणि पुढच्या धडकेत ते ठरल्याप्रमाणे चेपत नाही.

मग त्याला स्टिअरिंगच्या मधल्या कव्हरची कड खटकली, एका बाजूला गोंद सुकून पिवळा पडला होता. बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून त्याने कव्हर उचकटलं. "साहेब, हे बघा." आत एअरबॅग नव्हतीच. फुटलेली बॅग कापून टाकली होती आणि तिच्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये तांदळाएवढा रेझिस्टर डाख देऊन बसवला होता. कंट्रोल युनिट एअरबॅगच्या इग्नायटरचा, म्हणजे बॅग पेटवून फुगवणाऱ्या भागाचा, रोध मोजून बॅग जागेवर आहे की नाही ते ठरवतं. तेवढाच रोध दाखवणारा रेझिस्टर बसवला की त्याची खात्री पटते. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा दिवा लागतो आणि विझतो, अगदी नियमाप्रमाणे. तो दिवा बघूनच दादा इतके महिने घरच्यांना घेऊन हायवेवर जात होता. क्लेमच्या बिलात मात्र दोन्ही एअरबॅगचे पैसे लावलेले आहेत.

माझं मत आता पक्कं आहे. बंपर, बॉनेट, फेंडर, दिवे, रेडिएटर ही बोल्टने बसणारी अंगं आहेत. त्यांचा चुरा झालेला भयंकर दिसला तरी गाडी बिनधास्त दुरुस्त करावी. लेग, पिलर किंवा फ्लोअर वाकला असेल, एअरबॅग उघडल्या असतील आणि गाडीने तीन वर्षं ओलांडली असतील, तर टोटल लॉस मागावा आणि नाही म्हणणाऱ्याकडून कारण लेखी घ्यावं. एस्टिमेट गाडी पूर्ण उघडूनच करून घ्या. सर्व्हेअर येईल तेव्हा स्वतः हजर राहा, त्याच्या रिपोर्टची प्रत विमा कंपनीकडे मागा. जुने पार्ट डोळ्यांनी बघा. नव्या एअरबॅगवर नंबराचं लेबल असतं, ते बसवण्याआधी त्याचा फोटो काढा. क्लेममध्ये बसत नाही असं सांगितलं, तर थेट सर्व्हेअरला फोन लावा. आमच्या सर्व्हेअरला या रोखीच्या पार्टांबद्दल कोणी कळवलंच नव्हतं, हे त्याने नंतर स्वतः सांगितलं.

टोटल लॉसच्या वाटेवरही एक टोळी बसलेली असते. गाडी वर्कशॉपच्या आवारात असतानाच दादाला एका भंगारवाल्याचा फोन आला होता: आरसीसकट द्या, चार पैसे जास्त देतो. नंबर त्याला कुणी दिला, देव जाणे. जास्तीचे पैसे त्या कागदांचे असतात, कारण असा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढवता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती आल्याशिवाय आरसी कुणाला देऊ नका.

तक्रार कुठे करायची यातही आम्हाला फिरवलं गेलं. विमा लोकपाल वर्कशॉपविरुद्धच्या तक्रारी घेत नाही, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जावं लागतं आणि त्याला दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. विमा कंपनीलाही आम्ही फोटोंसह लेखी कळवलं आहे, कारण न बसवलेल्या एअरबॅगचे पैसे तिच्याकडूनही उकळले गेलेत.

वर्कशॉपने आयोगाला दिलेल्या उत्तरात दादाच्या सहीचं सॅटिस्फॅक्शन व्हाउचर, म्हणजे काम समाधानकारक झाल्याचा कागद, जोडलंय आणि रोख रक्कम घेतल्याचं साफ नाकारलंय. त्या व्हाउचरवर सही केल्याशिवाय चावी देत नाहीत, हे ज्यांनी गाडी आणलीय त्यांना माहीत आहे. सही करताना त्याच कागदावर "आतील काम तपासलेले नाही" असं हाताने लिहिता येतं आणि त्याचा फोटो ठेवता येतो. आमच्या बाजूने सल्लागाराचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत, "रॅकचे बाकी पैसे कॅशच आणा, बिलात घेऊ नका" असे. त्याने ते दुसऱ्या दिवशी डिलीट केले, पण दादाने आदल्या रात्रीच ते मला फॉरवर्ड केले होते.